मामांच्या उपरण्याची गाठ

मानसशास्त्राचं मला सांगूच नका. त्याच्यापायी मी एकदा सख्खी मामी हरवून बसलो होतो.

मी तेव्हा परभणीत बी.ए.ला होतो. वालूरचे मामा एका दुपारी खोलीवर आले, उपरण्याची गाठ बोटांत धरून. "भाच्या, कायतरी ध्यानात ठिवायला ही गाठ मारलीय. पन कशाची, तेच आठवंना!"

माझी परीक्षा तोंडावर, डोक्यात सगळं पुस्तक भरलेलं. म्हटलं, "मामा, आठवण जागेला चिकटलेली असते. गाठ मारली तिथंच जाऊन उभं राहा, आपोआप आठवतंय."

"गाठ तर वालूरच्या स्टँडवर मारली."

"मग चला!"

एसटीनं दोघं वालूरला गेलो. मामा स्टँडवरच्या लिंबाखाली उभे राहिले, डोळे मिटले आन एकदम ओरडले, "आठवलं! तुझी मामी म्हनली होती, मागल्या बाजारासारखं मला इसरून येऊ नका!"

"मग मामी कुठंय?"

"परभनीला. कासाराकडं बांगड्या भरायलीय."

आल्या पावली परत फिरलो. दिवस मावळता पोचलो, तर कासार दुकानाला कुलूप लावायलेला आन मामी पायरीवर बसलेली. मामांनी लगेच माझ्याकडं बोट केलं. "ह्यो म्हनला, वालूरला चला!"

लग्नात मारतात तशी मामीनं आपल्या पदराची आन मामांच्या उपरण्याची करकचून गाठ मारली, आन त्यांना ओढत एसटीत नेलं. सगळी गाडी बघायलेली. कंडक्टरनं विचारलं, "किती तिकिटं?"

मामा म्हणाले, "एक."