मागची सीट

कमरेच्या डॉक्टरांकडे बाळाला मांडीवर घेऊन मी माझ्या नंबराची वाट बघत होते. शेजारी बसलेल्या नवरा-बायकोच्या हातात दोन मोटारसायकलींची माहितीपत्रकं.

“हिची सीट बघ, सोफाच! दिवसभर चालवली तरी कळणार नाही.”

“तुम्हाला कसं कळेल? मागे मी असते.”

“मग ही दुसरी घेऊ. हिच्यावर वारा लागत नाही.”

“कोणाला?”

“चालवणाऱ्याला.”

“वा! आणि मागे?”

“मागे सामानाची पेटी मस्त बसते.”

“मग पेटीलाच न्या फिरायला. ती कुरकुर करत नाही.”

“अगं, तुझ्याशिवाय जाईन का मी?”

“दोन्ही चालवून बघितल्यात?”

“तीन-तीनदा!”

“मागे बसून?”

तेवढ्यात नर्सनं हाक मारली. बाई कंबर धरून उठल्या.

“उद्या दुकानदाराला चालवू द्या, तुम्ही मागे बसा. जिच्यावरून उतरल्यावर सरळ उभं राहता येईल, ती घेऊ.”