लंडनच्या सुट्टीतला मुहूर्त

हॅलो?… हॅलो, त्रिविक्रमअण्णा?… हो, मीच, मनस्विनी. ऐक, एकच प्रश्न आहे. हो किंवा नाही, एवढंच सांगायचं. तुझं लग्न एक आठवडा पुढे ढकलता येईल का?

…

अण्णा? आहेस ना?

…

अरे, डोकं ठिकाणावर आहे माझं. तू आधी पाणी पी. स्वल्प सावकाश. लग्नाला पाच दिवस राहिलेत, नवऱ्या मुलानं असं ठसकायचं नसतं. गोदूआत्याला कळलं तर ती त्याचाही काहीतरी अपशकुन काढेल.

अय्यो, पैज आहे रे! माझ्या खोलीत श्रीविद्या बसलीये, टीममधल्या आणखी दोघी आहेत, आणि तिघी उशीत तोंड खुपसून हसतायत. म्हणाल्या, दम असेल तर थेट नवऱ्या मुलालाच विचार. विचारलं. दोन प्लेट मसाला पुरी जिंकले.

… नाही, स्पीकरवर नाहीये. शपथ.

… कुणाची म्हणजे? तुझ्या लंडनच्या फुटबॉल क्लबची.

… मग? मी खोटं बोलले तरी त्यांचं आणखी वाईट काय व्हायचं राहिलंय?

… चार मॅचमध्ये एक गोल, अण्णा. तोही समोरच्यांनी दया येऊन स्वतःच्याच जाळ्यात मारलेला. आणि तू पहाटेपर्यंत जागून, जर्सी घालून, सोफ्यावर देव पाण्यात घालून बसतोस.

… हो, हो, 'पुढच्या सीझनला बघ.' मी पहिलीत होते तेव्हापासून ऐकतेय.

बरं, हसून झालं? आता खरं सांगते. पैज अर्धीच आहे. उरलेलं अर्धं मी मनापासून विचारतेय. रविवारी सकाळी नऊला आमची लीगची शेवटची मॅच आहे. शहराबाहेर, आनेकलला.

… हो, याच रविवारी. तुझा मुहूर्त दहा अठराचा. मला नको सांगूस, पत्रिका पाकिटांत मीच भरल्यात. जिभेवर अजून गोंदाची चव आहे.

… बघायला कशाला जाईन? खेळायला जाणारेय!

… गोलकीपर. हो, मी. श्रीविद्या होती, पण तिचं बोट मोडलं. मधलं. प्लास्टरमध्ये सरळ उभं आहे. बसमध्ये दांडा धरला तरी लोक रागानं बघतात तिच्याकडे.

… बेंचवरची होते. होते! गेल्या रविवारपर्यंत.

… काय झालं म्हणजे? फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ टाकला होता मी. तू खाली अंगठा लावलास. न बघता लावलास ना? सरी सरी, स्पष्टीकरण नको.

ऐक. हाफ टाइमच्या आधी श्रीविद्याचं बोट गेलं. कोच मॅडमनी बेंचकडे बघितलं. बेंचवर कोण? मी आणि पाण्याच्या बाटल्या. बाटल्यांना ग्लोव्हज बसत नाहीत म्हणून मला पाठवलं. मॅच एक-एकवर चालू होती. शेवटच्या पाच मिनिटांत त्यांना पेनल्टी मिळाली…

… उजवीकडे. मी उजवीकडे झेपावले. बॉल मनगटाला लागून बाहेर.

… हो!

… अरे, खरंच! मग पोरींनी माझ्यावर ढीग केला, तेव्हा मला जास्त लागलं.

… टेबलमध्ये? दहा संघांत नववे.

… हसू नकोस हं. तुझे लंडनवाले चौदावे आहेत, आणि त्यांना खेळायचा पगार मिळतो. आम्हाला हाफ टाइमला अर्धं केळं मिळतं.

शेवटचे दोन संघ खाली जातात. रविवारी ड्रॉ झाली तरी आम्ही वाचतो. हरलो की बी डिव्हिजन. आणि बी डिव्हिजनला गेलो की शाळा संध्याकाळचं ग्राउंड मुलांच्या क्रिकेट कोचिंगला देणार. प्रिन्सिपलनी मॅडमना तोंडावर सांगितलंय. म्हणजे बसवनगुडी गर्ल्स हा संघच संपला. एकवीस पोरी. खेळायचं कुठे, गांधी बाजारातल्या फुलांच्या टोपल्यांमधून?

… आनेकल? तिसऱ्या आहेत त्या. त्यांच्या नऊ नंबरच्या मुलीनं पहिल्या मॅचमध्ये आम्हाला चार मारले होते. ती बॉलला लाथ मारत नाही रे, बॉलवर राग काढते.

… दुसरी कुणीच नाही. एक मी, एक ते प्लास्टर.

… माहितीये. करवली मीच आहे, मला माहितीये, अण्णा. करा आणि दिवा घेऊन तुझ्या मागे उभं राहायचं. गोदूआत्यानं तीन वेळा तालीम घेतलीये. रिकामा तांब्या, वर नारळ, हातात न पेटवलेला दिवा-बिवा, सगळं. 'करा छातीशी धर. मान सरळ. मंगलाष्टकं संपेपर्यंत जागचं हलायचं नाही.' जागचं हलायचं नाही! गोलकीपर आहे मी. तुझ्या क्लबचा गोलकीपर समजली का ती मला?

… बरं बरं, त्या बिचाऱ्याला सोडलं.

माझं ऐक ना. सबस्टिट्यूट आहे. धाकट्या काकांची रूपश्री. सातवीत आहे, उंची बरी आहे, आणि गेले तीन महिने माझ्याकडे अशी बघतेय की मी कुठेतरी पाय घसरून पडावं. करवली व्हायचंय तिला.

… लग्नात बदली खेळाडू नसतो? हे कुठल्या रूलबुकात आहे? तुझ्या लंडनवाल्यांना एका मॅचला पाच चालतात. मी एकच मागतेय.

… सातला? मॅच सातला घ्या म्हणून मॅडमनी लीगच्या सेक्रेटरींना विचारलं. ते म्हणाले, लग्नासाठी मॅच हलवायला लागलो तर कार्तिकात एकही मॅच व्हायची नाही.

… अण्णा, गणित कर. नऊला सुरू. पस्तीस आणि पस्तीस, मधे दहा. संपायला दहा वीस. तोवर तुझं लग्न होऊन दोन मिनिटं झालेली असतील. वरून बन्नेरघट्टा रोडचं ट्रॅफिक. मी मंगल कार्यालयात पोहोचेन तेव्हा तुमची जिलेबीची पंगत उठलेली असेल.

पण मला एक सांग. हाच रविवार कसा निघाला? कार्तिकात दुसरा मुहूर्तच नव्हता?

… होता?

… किती?

… तीन? भीमसेन आचार्यांनी तीन मुहूर्त काढून दिले होते? आणि निवडला कुणी?

… तू. बरं. हाच का निवडलास?

…

'सहज' म्हणजे?

…

थांब. स्वल्प थांब. मला मोजू दे. आधीचा रविवार… तुझ्या क्लबची मॅच. नंतरचा रविवार… मॅच. आणि हा रविवार… या आठवड्यात सगळे खेळाडू आपापल्या देशाकडून खेळायला जातात. क्लबना सुट्टी.

अण्णा!

… नाही, ओरडणारच! श्रीविद्या, ऐकलंस का? यानं लंडनची सुट्टी बघून मुहूर्त धरलाय! पंचांग पुण्याचं नाही, मंत्रालयाच्या मठाचं नाही, लंडनचं!

… होणाऱ्या वहिनीला काय सांगितलंस?

… 'या दिवशी गुरुबळ उत्तम आहे'? गुरुबळ! अय्यो देवा. आणि त्या भोळ्या बाईनं ऐकलं. गोदूआत्यानं तर मान डोलावली असेल, मुलगा किती संस्कारी म्हणून.

… शू काय शू? मी कुणाला सांगणार नाही. पण जरा विचार कर ना. आठ हजार किलोमीटरवर अकरा माणसं आहेत. तू जिवंत आहेस की नाही हेही त्यांना माहीत नाही. त्यांच्या वेळापत्रकाला हात जोडून तू लग्न ठरवलंस. आणि पस्तीस किलोमीटरवर तुझी बहीण खेळते, तिचं फिक्स्चर जुलैपासून फॅमिली ग्रुपवर आहे.

… हो. त्याच्या खालीही अंगठाच.

…

…

नाही रे, असं नाही. सगळा दोष तुझा नाही. तारीख कळली तेव्हा मीच म्हटलं होतं, मी कुठे खेळतेय, बेंच गरम करायला दुसरी कुणी मिळेल, मी येते की करवली म्हणून. खरंच म्हटलं होतं. तेव्हा मला स्वतःलाच वाटायचं, मी गेले काय, नाही गेले काय, मॅडमना संध्याकाळी हजेरी घेतानाच कळेल.

आता तसं नाही वाटत. एवढंच झालंय.

… पोटात दुखतंय सांगू? आणि मग? आई माझ्याजवळ थांबेल. सख्ख्या पुतण्याचं लग्न सोडून गरम पाण्याची पिशवी घेऊन बसेल. मी खिडकीतून पळू का? नाही. खोटं नाही सांगायचं. काल रात्री मी चार खोटी कारणं लिहून काढली होती वहीत, खरं सांगते. चारही चांगली होती. पण पेनल्टी अडवली ते सगळ्यांसमोर, आणि खेळायला जायचं ते चोरून, हे काही बरं दिसत नाही.

…

काय म्हणालास? पुन्हा बोल, आवाज तुटतोय.

…

अण्णा… असं नको ना बोलूस.

…

माहितीये. तुला सख्खी बहीण नाही, माहितीये मला. दर वर्षी राखी मीच बांधते. करवली म्हणून मागे मीच असावी, असं तू काकूला पहिल्याच दिवशी सांगितलंस, तेही माहितीये. काकूनं मला सांगितलं तेव्हा मी दिवसभर मिरवत होते.

… हो.

… ए श्रीविद्या, तुम्ही जरा बाहेर जा ना. हो, तिघी. बाल्कनीत जा.

गेल्या. बोल.

…

मला गोलमध्ये पहिल्यांदा कुणी उभं केलं? तूच. तुमच्या गच्चीवर, दोन तुळशीच्या कुंड्यांच्या मधे. सहा वर्षांची होते मी. फार मोठं मन होतं तुझं म्हणून नाही हं, तुला शूट मारायचे होते आणि दुसरं कुणी उभं राहायला तयार नव्हतं. बॉल आला की मी डोळे मिटायचे. तू ओरडायचास, 'मने, मिटू नकोस, बॉलकडे बघ, लागला तर लागला.' लागायचाच.

गेल्या रविवारी नाही मिटले. ती मुलगी धावत आली ना, मी तिच्या बुटाकडे बघत होते. सगळं दिसलं मला.

…

म्हणून म्हणतेय. तुझ्या मागे उभं राहायला रूपश्री चालेल. मन दुखेल तुझं. माझंही दुखेल, मी काय दगड आहे? पण गोलमध्ये माझ्याऐवजी कुणी उभं राहू शकत नाही. ती जागा रिकामी राहील, आणि समोरून ती नऊ नंबर येईल.

…

…

शिव्या दे हवं तर.

…

लाइव्ह दिसेल का? कशाला?

… अण्णा! मंगलाष्टकं चालू असताना? अंतरपाटाच्या आड? हातात हार, आणि हाराच्या आड फोन?

… हो, समोरून नाही दिसणार कुणाला. पण मागे रूपश्री उभी असेल. ती 'आत्या, अण्णा फोन बघतोय' असं मंगलाष्टकांच्या चालीत गाऊन सांगेल. आणि वहिनी पहिल्याच दिवशी माहेरी परत.

… वा! लंडनला सुट्टी आहे म्हणून आनेकलची मॅच बघणार. केवढे उपकार.

… नाही, खरंच नको. तू तुझं लग्न कर. नीट कर. तिच्याकडे बघ, फोनकडे नाही. मी काय झालं ते येऊन तोंडानं सांगेन. हरले तरी सांगेन.

… शनिवारी आहे ना मी! दिवसभर आहे. वाङ्निश्चय, सीमांतपूजन, मेंदी… मेंदी नको, ग्लोव्हज घालायचेत. बाकी सगळं. काकूनं केलेला तो शेवेचा लाल किल्ला मीच उचलून आणणार, दुसऱ्या कुणाच्या हातात टिकणार नाही तो. आणि रविवारी संध्याकाळी रिसेप्शनला.

… साडी नेसून. गुडघे खरचटलेले असतील, पण साडीत दिसत नाहीत.

… गोदूआत्याला तू सांगशील? तू? गुरुबळवाला? तिनं भुवई वर केली तरी तू मुहूर्ताचं सगळं ओकून टाकशील. राहू दे. मीच सांगते. फार तर काय, ओरडेल. ती नऊ नंबर ओरडते त्याच्यापेक्षा कमीच.

… आई-बाबांना? नाही, अजून नाही सांगितलं. आधी तुला विचारायचं होतं. म्हणजे… विचारायचं नव्हतं, तुला आधी कळायला हवं होतं.

… नको. तू फोन करू नकोस त्यांना. 'मुलानंच परवानगी दिली' असं होईल मग ते. मला तसं नकोय.

… आत्ता. हॉलमध्येच आहेत दोघं. आहेराच्या शाली मोजतायत.

… हो. भीती वाटतेय. तुला काय वाटलं?

… हो रे. बघेन बॉलकडे.

… तू पण. ठेवते. … अरे, ठेव ना आधी तू!… सरी. ठेवते.

आई! बाबा! शाली जरा बाजूला ठेवता का? नाही, उभ्या उभ्याच सांगते, बसले तर जमायचं नाही. रविवारी मी त्रिविक्रमअण्णाची करवली नाही. त्याच वेळी आनेकलला आमची मॅच आहे, मी गोलमध्ये उभी राहणार आहे. सकाळी साडेसहाची बस. अण्णाशी बोललेय. त्याला वाईट वाटलंय, पण त्याला माहितीये. गोदूआत्याला आत्ता मीच फोन लावते… आई, थांब, पूर्ण बोलू दे. मी परवानगी मागत नाहीये, सांगतेय. आणि हे डोळ्यांतलं पाणी बघून 'मग जाऊ नकोस' असं म्हणू नकोस. मी रडत रडत जाईन, पण जाईन.