फोटोखालच्या ओळी

हसू की नको हसू? — नाही, तूच सांग राजा, फोटो काढणारा तू. आमची संचालक शनीस म्हणाली, "मिस आर्डेला, चेहरा जरा गंभीर ठेवा." बाकीच्यांना तर तू हसवत होतास, मी बाहेर बाकावर बसून ऐकत होते. तो आमचा वकील, एरवी कपाळाला आठ्या, तोसुद्धा खदखदला. मग मीच का गंभीर? — असू दे, तुझा काय दोष. तो दिवा तेवढा बाजूला घे, डोळ्यांत येतोय.

कोट नवा आहे, दिसतोय ना? अख्ख्या चर्चला सांगून झालंय माझं — विद्यापीठाच्या वांशिक न्याय संस्थेच्या इंटरनेटवरच्या पानावर माझा फोटो येणार, खाली ओळख येणार, कुणी आधी काय काम केलं ते. पाद्रीबाबांनी रविवारी मला उभं केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मघाशी शनीसनं त्या ओळी हातात दिल्या, वाचून घ्या म्हणून. वकिलाखाली त्याची वकिली. आकडेवारीवाल्या बाईखाली तिची आकडेवारी. पत्रकाराखाली त्याच्या बातम्या. बरोबरच आहे. आणि माझ्याखाली? "रॉनेलची आई. पोलिसांनी गाडी अडवून रॉनेलला गोळी घातली." संपलं. अरे, ते काय माझं काम आहे?

माझं काम केसांचं. पूर्व क्लीव्हलंडच्या आमच्या काळ्या वस्तीत कुणालाही विचार. वेण्या घालायला तास न् तास लागतात, बाई खुर्चीत बसली की बोलणारच — कुणाच्या पोराला अडवलं, कुणाला घराबाहेर काढलं. मी वकील गाठून द्यायची, कोर्टात शेजारी बसायची, निकाल वाईट लागला की पोटाशी धरायची — रॉनेल जन्मायच्या आधीपासून! त्याचसाठी तर शनीसनं इथे आणलं मला. "तुमच्याशिवाय आम्हाला या वस्तीत कुणी दार उघडणार नाही," म्हणाली, माझ्याच खुर्चीत बसून. इथल्या संचालकपदाच्या मुलाखतीला गेली तेव्हा डोक्यावर माझ्या हातच्या वेण्या होत्या.

आम्हा लेकरं गमावलेल्या आयांचा एक नियम आहे. गेलेल्या लेकराचं नाव आधी आईनं घ्यायचं, मग इतरांनी. आई गप्प, तर सगळे गप्प. शनीसला ठाऊक नाही होय? आमच्यात बसलीय, रडलीय ती. म्हटलं, "शनीस, हे काय गं?" तर माझा हात धरते. "मिस आर्डेला, हाच तर तुमचा मान. आमच्या पदव्यांना कोण विचारतंय? तुम्ही सोसलंय." आणि तिला ते खरंच वाटतं रे — डोळे भरून आले होते तिचे. लबाड असती तर भांडले असते, आता कुणाशी भांडू?

म्हटलं, दुकान लिही माझं. तर म्हणते, "ते इथे शोभणार नाही." शोभणार नाही! डोक्यावर शोभतं, पानावर शोभत नाही — हं, हसले बघ. काढलास का? पुसून टाक तो.

घरी तो सगळीकडे असतो रे. त्याची खोली, त्याचे बूट. इथल्या दारातून आत आले की मी आर्डेला मॅब्री — कुणाचा तरी निरोप घेणारी, कुणाला तरी बैठकीची आठवण करणारी. तेवढंच एक ठिकाण होतं मला जिथे — नाही, रडत नाहीये मी. इथे कधी रडले नाही. त्याचा फोटोसुद्धा टेबलावर ठेवला नाही. एक दिला होता शनीसला, तो गेला तेव्हाच्या मेणबत्त्यांच्या सभेपुरता, शाळेच्या बँडच्या कोटातला — टोपीला पिसांचा तुरा, आणि हसतोय नुसता. तो तिच्याकडेच राहिला.

सांगितलंय मी तिला. त्या ओळी ठेवायच्या असतील तर माझा फोटो लावायचा नाही. "बघते मी," म्हणाली, "तोवर काढून तर घ्या." बघेल. माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडलेली पोर आहे, बघेल ती. — चल, झालं असेल तर उचल तुझा दिवा. जा आता. मला कोट काढू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पान सगळ्यांना दिसू लागलं. आर्डेला मॅब्री या नावाखाली त्याच ओळी होत्या, आणि तिच्या फोटोच्या जागी बँडच्या कोटातला रॉनेल हसत होता.