ओव्हर म्हणेपर्यंत

हरिता: अप्पा, आता जीपवरच्या अँटेनाजवळ येऊ नका. मी माइक दाबतेय. छे! मीटरचा काटा परत वरच.

अप्पा: काटा… वर… म्हणजे…

हरिता: म्हणजे वाईट. पाठवलेली शक्ती बाहेर जातच नाही, उलटी फिरून रेडिओ संचात येते. असंच बोलत राहिले तर किनाऱ्यावर पोचायच्या आत संच जळेल. वादळ कुणासाठी थांबणार नाही, उद्या सकाळी मला मदतीसाठी निघायलाच हवं.

अप्पा: मला… वाटतं… मी सकाळी…

हरिता: सकाळी ठीक होतं? सकाळी अँटेना बसवलीच नव्हती, अप्पा.

अप्पा: ते नव्हे. मी… तिथं…

हरिता: तिथं वायर दबलीय? नाही, पाहिली मी. थेट बॅटरीवरून आणलीय, दोन्ही तारांना बॅटरीजवळच फ्यूज, इंजिनच्या गरम भागापासून लांब, एअरबॅगच्या वाटेत नाही. संच तर असा आवळलाय की करकचून ब्रेक मारला तरी जागचा हलणार नाही.

अप्पा: ब्रॅकेट…

हरिता: अँटेनाचं ब्रॅकेट तुम्ही छान घट्ट बसवलात. उजवा हात केवढा सुधारलाय तुमचा!

अप्पा: अय्यो. शाळेत… पोरांना पण… तू असंच…

हरिता: असंच शिकवते?

अप्पा: असंच… बोलू देत नाहीस?

हरिता: बघा, चिडलात की वाक्य पुरं होतं. रागावू नका ना. अर्धांगाचा झटका आल्यापासून तुम्ही शब्द शोधताना दिसलात की मला राहवत नाही. चष्मा शोधून द्यावा तसा शब्द हातात द्यावासा वाटतो.

अप्पा: दुसऱ्याचा… चष्मा देतेस. मला… पापनाशमला… काकांकडे… नको.

हरिता: काकांनी उद्या गाडी पाठवायचं ठरवलंय. मागच्या वादळात फोन बंद पडले तेव्हा तुम्ही धडधाकट होतात. आता या घरात एकट्यानं, काही झालं तर कुणाला हाक मारणार?

अप्पा: तुला. परीक्षा… उगाच… दिली?

हरिता: हॅम रेडिओचा परवाना मिळवलात, मला अभिमान आहे. पण परीक्षेत लिहायचं होतं, इथं बोलायचं. आवाज पुढे पोचवणाऱ्या ओरत्तनाडूच्या रिपीटरवर आमचा अख्खा मदतगट ऐकत असेल. तुम्हाला घाई झाली की शब्द अडतात.

अप्पा: घाई… मला… नसते.

हरिता: बरं, एक करू. नुसतं ऐकलं तर संचाला धोका नाही. तुम्ही आत जा आणि घरच्या संचावरून बोला. तुमचा आवाज जीपमध्ये आला की तार तुटलेली नाही, एवढं तरी कळेल. बटन दाबा, क्षणभर थांबा, मग बोला. संपलं की ओव्हर.

अप्पा: काय… बोलू?

हरिता: सुचेल ते.

(अप्पा घरात जातात. थोड्या वेळानं जीपमधल्या स्पीकरवर खरखर. आधी सावकाश उच्चारलेलं कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं सांकेतिक नाव, मग त्यांचं बोलणं.)

अप्पा: हरिता. मी… अप्पा. तू… बॉनेटच्या कडेचा… रंग खरवडलास. अर्थिंगसाठी.

हरिता: हो, धातूला धातू टेकायला हवा, म्हणूनच तर…

अप्पा: आणि मला… म्हणालीस… ब्रॅकेट बसवा.

हरिता: अप्पा, मग तुम्ही… अय्यो, त्यांनी बटन सोडेपर्यंत माझं त्यांना ऐकूच जात नाही.

अप्पा: तू… बॅटरीपाशी होतीस. नवी वस्तू… आणि पूजा नाही. तुझी आई असती… तर लिंबू… फुलं… सगळं झालं असतं. मी… खरवडलेल्या जागी… चंदन लावलं. कुंकू. मग… त्यावर… ब्रॅकेट. चंदन… जाड लावलं. तू… लांब जातेस… म्हणून. ओव्हर.

हरिता: चंदन! थांबा, काढते ब्रॅकेट… बाई गं, केवढं हे! वाळून पापुद्रा झालाय. हं. आता टेकलं धातूला. दाबून बघू… बसला काटा खाली! अप्पा, हरिता बोलतेय. सगळं पुसलं, काटा खाली आला. तुमचं चंदन-कुंकू शेजारी रंगावर लावलंय, तिथं ते हवं तेवढं राहू दे. मघापासून हेच सांगत होतात? ओव्हर.

अप्पा: हेच. तू… वाक्य पळवत होतीस. इथं… नाही पळवता येत. बटनावर… अंगठा माझा आहे. ओव्हर.

हरिता: अप्पा… काकांना कळवते, गाडी पाठवू नका म्हणून. घरचा संच तुम्ही सांभाळायचा. शेजारच्या अखिलाक्का येऊन-जाऊन असतील. मी जीप थांबवूनच बोलेन, चालवताना माइकला हात लावणार नाही. तुम्ही हवा तेवढा वेळ घ्या. ओव्हर.

अप्पा: सरि… ठीक. रस्त्यात… विजेच्या तारा… लोंबत असतील. अँटेना… उंच आहे. बघून…

हरिता: बघून चालवीन, हो… नाही. तुम्ही बोला.

अप्पा: बघून… थांबव जीप. तारांखाली नको. आणि… वेळेवर… जेव. ओव्हर… म्हटलं नाही अजून.