पाहुण्यांची विजार

तुम्हाला थाप वाटेल, पण आमच्या मुलीचं लग्न वॉशिंग मशीनच्या एका वायरीमुळे जमलं.

मिरजगावहून मुलाचे वडील आले होते. मुलगी बघून झाली, तरी पाहुणे हो म्हणेनात की नाही म्हणेनात. त्या काळजीत माझ्या हातून चहा सांडला, तोही नेमका त्यांच्या पांढऱ्या विजारीवर. बायकोने विजार लगेच मशीनमध्ये टाकली आणि पाहुणे माझ्या लुंगीत बसले.

मशीन धडधडत मोरीतून निम्मं बाहेर आलं आणि बंद पडलं. दार उघडेना. घाबरून मेकॅनिकला फोन लावला.

"आधी हळू फिरलं का एकदम सुसाट?"

"सुसाट! पुण्याला निघाल्यासारखं!"

"मग मोटार चांगलीय, काका. स्पीड सेन्सर बघा. मोटार किती जोरात फिरतेय ते तो मशीनला सांगतो. तो गप्प बसला, की मशीन गोंधळतं आणि दार लावून घेतं. प्लग काढा, मागचं झाकण खोला. मोटारीजवळची बारीक वायर निसटली असेल."

खरंच निसटली होती. तेवढ्यात बायको कानाशी कुजबुजली, "अहो, तिकडे पाहुणेपण अजून गप्पच आहेत!"

मी घाईघाईने वायर खुपसायला गेलो, पण ती काही जागेवर बसेना.

मागून खाकरल्याचा आवाज आला. पाहुणे लुंगी सावरत मोरीच्या दारात उभे.

"पाव्हनं, पोरगी पसंत हाय म्हनतो! आता तरी आमची विजार सोडा की!"