समोरून गेलेली गाडी

फलाट बदलला की तुम्ही दोन शिव्या हासडून पळता. मला मात्र साठ सालच्या आसपासचं आपलं स्टेशन आठवतं. कायम पहिल्या फलाटावर लागणारी सुरतची गाडी त्या दिवशी समोरच्या फलाटावरून सुटली आणि जवळच्या रनाळे गावची एक म्हातारी पहिल्यावरच बसून राहिली. पहिलटकरीण लेक सुरतेच्या दवाखान्यात अडल्याचा निरोप होता. पुढची गाडी थेट दुसऱ्या दिवशी.

मी स्टेशनमास्तरांना गाठलं. "लोकांना सांगायला काय झालं होतं?"

"फळ्यावर लिहिलं होतं, पत्रकारसाहेब."

"कोणत्या भाषेत?"

"इंग्रजीत."

"मग आधी रनाळ्यात इंग्रजी शाळा काढा, नंतर फलाट बदला."

मास्तर चिडले. माझ्यापुढे काही चालेना म्हणून म्हातारीकडे वळले. "आजी, गाडी तुमच्या समोर उभी होती. निदान कुणाला विचारायचं तरी."

म्हातारीने पदर सावरला. आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती.

"गाडी मी देखी, भाऊ. पन तठे समदा कोट-पाटलोनवाला चढी ऱ्हायन्तात. माले वाटनं, ती त्यासनी गाडी शे. आपली मांगथून येई."