आपलासा इतिहास

...मग डोकं फिरणार नाही तर काय होणार? तुम्हाला सांगतो, केस पिकेपर्यंत फ्रेंच राज्यक्रांती शिकवली, एका पोराने तक्रार केली नाही. झोपली, पण तक्रार नाही. आणि आमच्या प्रिन्सिपल क्षिप्राबाई कुठल्याशा कार्यशाळेत फुकटचं जेवून आल्या आणि मान वाकडी करून म्हणतात, "सर, मुलांना इतिहास आपलासा वाटला पाहिजे हं. नाहीतर यंदा विभाग बंद." विभाग बंद म्हणजे मी घरी, कळलं?

आता आपलासा म्हणजे कोणाचा? वर्गात कोणी साताऱ्याची, कोणी गोरखपूरचा, कोणी केरळचा, आणि मागचा मोबाइल घेतला त्याच्या आधीचं कोणाला काही आठवत नाही. मनस्वी विचारते, "सर, आमच्या सोसायटीचा चालेल? लिफ्ट बंद पडली तेव्हापासूनचा." चालेल बाई, आपलासा वाटला म्हणजे झालं...

शेवटी खवचटपणे विचारलं, "बोला, कोणाच्या घराखाली इतिहास आहे?" तर इथल्याच शिरवणे गावचा कल्पेश, वर्षभर तोंड न उघडलेला, उठून म्हणतो, "सर, तुमच्या. तुमची बिल्डिंग आमच्या शेतावर हाय."

झालं. प्रिन्सिपलबाईंच्या कानावर गेलं, त्यांना हर्षवायू. "सर, क्षेत्रभेट!" कुठे? माझ्या घरी. तळमजल्यावरच्या हॉलमध्ये अख्खा वर्ग, दारात चपलांचा ढीग, आणि कल्पेशची आजी, शेवंताबाई. म्हातारी थेट टीव्हीपुढे गेली, डोक्यावर पदर घेतला, हात जोडले. "हितंच व्हता आमचे शेताचा राखनदार. वर्साला कोंबरा लागतो त्याला."

कोंबडा? आमच्याकडे चातुर्मासात कांदा येत नाही हो! मी आशेने बायकोकडे बघतो, तर अरुणा म्हणते, "देवाचं आहे, नाही कसं म्हणायचं... आजी, नारळावर भागेल का?"

आणि ती दिवटी कार्टी, माझ्या तासाला मोबाइलमधून मान वर न काढणारी, जमिनीवर फतकल मारून बसली. गोरखपूरवाला म्हणतो, "आमच्या गावात डीहबाबा आहेत, सेम." सातारकरीण म्हणते, "आमचा म्हसोबा." मग जी बडबड सुटली, ती दिवेलागणीपर्यंत. फ्रेंच राज्यक्रांतीला कधी तोंड उघडलं होतं का यांनी?

असो. आजी नारळावर तयार झाली, सगळ्या वर्गाने पुढच्या वर्षाला इतिहास घेतला, विभाग वाचला. टीव्ही गेला बेडरूममध्ये, हॉलमध्ये त्याच्या जागी आता नारळ आहे. शनिवारचा तास माझ्याच हॉलमध्ये भरतो. काल जरा उशीर झाला, दारात चपला काढून आत डोकावलो, तर माझ्या सोफ्यावर मांडी घालून बसलेला तो गोरखपूरवाला सरकून जागा करत म्हणतो...

"या ना सर, बसा. आपलंच घर समजा."